डिफरेन्शियल इक्वेशन: बदलाचा नियम माहीत आहे, मग उत्तर कसं काढायचं?

शाळेतलं समीकरण सोडवलं की हातात एक आकडा पडतो. एक्स बरोबर ३, विषय संपला. डिफरेन्शियल इक्वेशनमध्ये असं होत नाही आणि माझ्या मते बहुतेकांचा पहिला गोंधळ इथेच होतो, कारण शिकवताना कुणी थांबून सांगतच नाही की बाबांनो, इथे आपण आकडा शोधत नाही आहोत, अख्खं फंक्शन शोधतोय, म्हणजे कुठल्या वेळी किती हे सांगणारं पूर्ण सूत्र. मला स्वतःला हे कळायला एक पूर्ण सेमिस्टर गेलं. तोपर्यंत मी नुसत्या पद्धती पाठ करत होतो, हा टाइप आला की हे करा, तो टाइप आला की ते करा, आणि शेवटी जे काही कागदावर उरायचं ते नक्की कशाचं उत्तर आहे हे विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. म्हणून हा लेख मी उलट्या बाजूने लिहितोय, आधी हे समीकरण म्हणतंय काय ते बघू, मग पद्धती.

गरम पाण्याने भरलेलं एक भांडं घ्या. पाणी ९० अंशांवर आहे, खोली ३० अंशांवर. पाणी निवणार हे उघड आहे. पण १७ मिनिटांनी त्याचं तापमान किती असेल? हे सरळ कुणालाच सांगता येत नाही. सांगता येते ती वेगळीच गोष्ट, की पाणी खोलीपेक्षा जितकं जास्त गरम तितकं ते भराभर निवतं, आणि खोलीच्या जवळ आलं की निवणं मंदावतं. न्यूटनने १७०१ मध्ये साधारण हीच गोष्ट मांडली होती. म्हणजे आपल्याला तापमान माहीत नाही, तापमान बदलण्याचा वेग कशावर अवलंबून आहे ते माहीत आहे. पाणी आणि खोली यांच्या तापमानातल्या फरकाला वाय म्हणू, वेळेला टी म्हणू, तर हा नियम असा लिहिता येतो:

डीवाय/डीटी = −के × वाय

डावीकडे वाय बदलण्याचा वेग, उजवीकडे तो वेग कशाने ठरतो ते. के हा एक स्थिर आकडा, आणि उणे चिन्ह म्हणजे फरक कमी होत जातोय. ज्या समीकरणात असा बदलाचा वेग, म्हणजे डेरिव्हेटिव्ह, येतो ते डिफरेन्शियल इक्वेशन, मराठी पुस्तकांत विकल समीकरण किंवा अवकल समीकरण म्हणतात. आणि ते सोडवणं म्हणजे असं फंक्शन शोधणं की जे या नियमाला प्रत्येक क्षणी धरून चालेल, फक्त एखाद्या क्षणी नाही.

निसर्गातले बहुतेक नियम याच रूपात का सापडतात? कारण निसर्गात एखाद्या गोष्टीला पुढचं काही माहीत नसतं, तिला फक्त आत्ताची परिस्थिती जाणवते. पाण्याला हे माहीत नाही की अर्ध्या तासाने ते कुठे पोचणार आहे, त्याला फक्त आत्ताचा फरक लागतो. वर फेकलेल्या दगडावर आत्ता जे बल आहे त्याने त्याचा वेग आत्ता बदलतो, न्यूटनचा दुसरा नियम हे मुळात डिफरेन्शियल इक्वेशनच आहे. नियम क्षणाक्षणाचा असतो आणि आपल्याला हवा असतो पूर्ण प्रवास, हे क्षण जोडून प्रवास उभा करायचा म्हणजेच समीकरण सोडवायचं.

आता पाण्याचं उत्तर काढू. पद्धत वगैरे नंतर, आधी नुसता विचार करा. असं कुठलं फंक्शन आहे ज्याचं डिफरेन्शिएशन केलं, म्हणजे डेरिव्हेटिव्ह काढला, की तेच फंक्शन परत येतं, फक्त पुढे एक आकडा लागून? एक्सपोनेन्शियल. ई^(टी) चं डिफरेन्शिएशन ई^(टी) च येतं (ई म्हणजे २.७१८ च्या आसपासचा तो आकडा), आणि ई^(−के टी) चं केलं की −के गुणिले तेच. मग वाय = सी × ई^(−के टी) हे आपलं उत्तर, सी म्हणजे कुठलाही स्थिर आकडा. झालं. अंदाज केला आणि तो बरोबर निघाला. आणि याला चीटिंग समजू नका, डिफरेन्शियल इक्वेशनमध्ये उत्तर कुठून आलं याला महत्त्व नाही, ते समीकरणात टाकल्यावर दोन्ही बाजू जुळतात का एवढंच बघायचं असतं. स्वप्नात दिसलं असलं तरी चालेल.

ही तपासणी मी इतकी लावून धरतो त्याला कारण आहे. परीक्षेत सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे सी चुकीच्या जागी लिहिणं. डीवाय/डीटी = २वाय सोडवताना लोक शेवटी वाय = ई^(२टी) + सी लिहितात, कारण इंटिग्रेशन (म्हणजे डिफरेन्शिएशनची उलट क्रिया) नंतर प्लस सी लिहायची हाताला सवय असते. टाकून बघा. डावीकडे डिफरेन्शिएशन केलं की २ई^(२टी), सी गायब. उजवीकडे दुप्पट केलं की २ई^(२टी) + २सी. जुळत नाही. आता वाय = सी × ई^(२टी) टाका, दोन्हीकडे २सी × ई^(२टी). जुळलं. दहा सेकंदाचं काम आहे आणि गणितात फार कमी ठिकाणी अशी सोय मिळते की उत्तर बरोबर आहे का हे दुसऱ्या कुणाला न विचारता स्वतःच पक्कं करता येतं.

मग हा सी काय प्रकार आहे? नियम सगळ्या भांड्यांना सारखाच लागू आहे, ९० अंशांवरच्या पाण्याला आणि ५० अंशांवरच्या पाण्यालाही. म्हणून समीकरण एकट्याने एक उत्तर देत नाही, उत्तरांचं अख्खं कुटुंब देतं, आणि त्यातलं आपलं कुठलं हे सुरुवात कुठून झाली त्यावरून ठरतं. आपल्या भांड्यात सुरुवातीला फरक ९० वजा ३० म्हणजे ६०, म्हणून सी = ६०. याला इनिशियल कंडिशन म्हणतात. के मात्र भांड्यावर, पाणी किती आहे त्यावर अवलंबून, तो मोजून काढावा लागतो. समजा १० मिनिटांनी थर्मामीटर ७५ दाखवतोय, म्हणजे फरक ४५ उरला. ६० चे ४५ झाले, म्हणजे १० मिनिटांत फरक पाऊणपट. मग पुढच्या १० मिनिटांत परत पाऊणपट, ३३.७५, म्हणजे पाणी ६३.७५ अंशांवर. तिसऱ्या १० मिनिटांनी साधारण ५५.३. पहिल्या दहा मिनिटांत १५ अंश उतरले, दुसऱ्या दहात सव्वाअकरा, तिसऱ्या दहात साडेआठच्या आत. के काढायचा तर लॉग(४/३) (ई पायाचा, म्हणजे नॅचरल लॉग) भागिले १०, म्हणजे ०.०२८७७. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

हेच समीकरण जशास तसं किरणोत्सर्गालाही लागतं. कार्बन-१४ चे अणू जितके शिल्लक तितक्या प्रमाणात ते फुटतात, निम्मे व्हायला साधारण ५७३० वर्षं लागतात, म्हणून जुन्या लाकडात मूळ कार्बन-१४ चा चौथा हिस्सा उरलेला सापडला तर ते दोनदा निम्मं झालंय, साधारण ११,४६० वर्षं. निवणारं पाणी आणि पुरातत्त्वातलं लाकूड यांचा एकमेकांशी काही संबंध नाही पण बदलाचा नियम एक, म्हणून उत्तराचं फंक्शनही एक.

आता पद्धतींकडे येऊ. सगळ्या पद्धती इथे घेणार नाही, तीन घेतो, पण नीट.

पहिली, व्हेरिएबल वेगळे करणं. जर्मन गणिती लाइबनिझने १६९१ च्या सुमारास ही युक्ती डच शास्त्रज्ञ ह्यूजेन्सला पत्रात कळवली होती. कल्पना सोपी आहे, वाय असलेलं सगळं एका बाजूला, टी असलेलं सगळं दुसऱ्या बाजूला, आणि मग दोन्ही बाजूंचं इंटिग्रेशन. एक उदाहरण घेऊ जे मला फार आवडतं. सरळ उभ्या भिंतींची एक टाकी, त्यात १०० सेंटीमीटर उंचीपर्यंत पाणी, तळाला छोटं भोक. पाणी भोकातून ज्या वेगाने बाहेर पडतं तो पातळीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो, इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेली यांनी १६४४ मध्ये छापलेली ही गोष्ट. भोकाचा आकार असा घेऊ की हिशोब सोपा होईल:

डीएच/डीटी = −√एच

एच म्हणजे पाण्याची पातळी, सेंटीमीटरमध्ये, टी मिनिटांत. √एच ने दोन्हीकडे भागलं आणि डीटी उजवीकडे नेला की डीएच/√एच = −डीटी. इंटिग्रेट केलं की २√एच = −टी + सी. सुरुवातीला एच = १००, म्हणजे सी = २०. म्हणून √एच = १० − टी/२, आणि एच = (१० − टी/२)². टाकी २० मिनिटांत रिकामी. आता मजा बघा, निम्मा वेळ गेल्यावर, म्हणजे १० मिनिटांनी, पातळी किती? पाचचा वर्ग, २५. निम्म्या वेळात पाऊण टाकी रिकामी झाली आणि उरलेल्या पाव टाकीला तेवढाच वेळ लागणार. टाकी तळाशी आली की पाणी किती रेंगाळतं ते आपण सगळ्यांनी बघितलेलं असतं, त्यामागे हा वर्ग आहे.

आणि आता याच उत्तरात टी = २४ टाका. १० वजा १२, उणे २, वर्ग ४. म्हणजे सूत्र म्हणतंय की २४ व्या मिनिटाला टाकीत ४ सेंटीमीटर पाणी आहे, टाकी आपोआप भरायला लागली! कुठे चुकलं? समीकरणात टाकून बघा, मगाशी म्हटलं तसं. एच चं डिफरेन्शिएशन −(१० − टी/२), टी = २४ ला ते येतं अधिक २. उजवी बाजू −√४, म्हणजे उणे २. जुळलं नाही. कारण √एच = १० − टी/२ या ओळीत डावी बाजू कधीच ऋण होऊ शकत नाही, तर ते सूत्र टी = २० पर्यंतच खरं होतं, वर्ग केल्यावर ती अट नजरेआड झाली. २० मिनिटांनंतरचं खरं उत्तर एच = ०, बस. या टाकीत अजून एक गोष्ट दडलेली आहे. रिकामी टाकी समोर ठेवली आणि विचारलं की ही कधी रिकामी झाली, तर सांगता येईल का? नाही. पाच मिनिटांपूर्वी किंवा काल, टाकी सारखीच दिसते. गणितातही तेच दिसतं, एच = ० या ठिकाणाहून मागे जाताना एकाच्या जागी अनेक उत्तरं निघतात. कुठल्या अटींवर उत्तर नक्की एकच मिळतं याचा पूर्ण सिद्धांत आहे, त्याचा गाभा असा की उजवी बाजू वाय बरोबर फार अचानक बदलता कामा नये, आणि वर्गमूळ शून्यापाशी नेमकं तेच करतं, तिथे त्याचा स्लोप अनंत होतो.

या पद्धतीत एक सावधगिरी, भागाकार करताना शून्याने भागत नाही ना ते बघायचं. डीवाय/डीटी = वाय(१ − वाय/१०००) हे समीकरण घ्या, बेल्जियन गणिती व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ मध्ये लोकसंख्येसाठी असं समीकरण मांडलं, वाढ होते पण जागा आणि अन्न मर्यादित आहे म्हणून ती थोपते. व्हेरिएबल वेगळे करायला उजव्या बाजूने भागावं लागतं, आणि भागलं की वाय = ० हे उत्तर हातातून निसटतं, कुठलाही साधा सी घेऊन ते परत मिळत नाही. खरं तर हे समीकरण न सोडवताच इतकं काही सांगतं की मी म्हणेन आधी पेन खाली ठेवा. वाय = ० किंवा वाय = १००० असेल तर उजवी बाजू शून्य, बदल नाही, तिथेच राहणार. मधे असेल तर उजवी बाजू अधिक, वाढणार. हजाराच्या वर असेल तर उणे, कमी होणार. आणि वाढ सगळ्यात जोरात ५०० ला. म्हणजे शून्याहून जास्त कुठूनही निघा, शेवट हजारापाशीच. आलेखाचा एस सारखा आकार एकही इंटिग्रेशन न करता डोळ्यासमोर आला.

दुसरी पद्धत, जिथे व्हेरिएबल वेगळे होतच नाहीत तिथली. परत थर्मामीटर घेऊ. पाणी तापवत ठेवलंय, ते दर मिनिटाला १ अंश या ठरलेल्या वेगाने तापतंय, सुरुवातीपासून मोजलं तर टी मिनिटांनी पाणी टी अंशांनी तापलेलं. थर्मामीटरचं वाचन वाय. थर्मामीटरला पाण्याचं तापमान लगेच कळत नाही, तो पाण्यापेक्षा जितका मागे तितक्या वेगाने वर चढतो. समजा असं:

डीवाय/डीटी = टी − वाय, म्हणजेच डीवाय/डीटी + वाय = टी

इथे वाय आणि टी बेरजेत अडकलेत, काहीही करा वेगळे होत नाहीत. अशा वेळी डावी बाजू नीट बघा. ती गुणाकाराच्या डिफरेन्शिएशनसारखी दिसतेय, फक्त काहीतरी कमी आहे. पूर्ण समीकरणाला ई^(टी) ने गुणा. डावीकडे ई^(टी) × डीवाय/डीटी + ई^(टी) × वाय, आणि हे म्हणजे बरोब्बर (ई^(टी) × वाय) या गुणाकाराचं डिफरेन्शिएशन! त्या ई^(टी) ला इंटिग्रेटिंग फॅक्टर म्हणतात, आणि पुस्तकात त्याचं सूत्र दिलेलं असतं ते पाठ करण्याआधी हे बघून ठेवा की ते का चालतं, डाव्या बाजूला प्रॉडक्ट रूल पूर्ण करून द्यायचा, एवढंच त्याचं काम. आता दोन्हीकडे इंटिग्रेट करा, ई^(टी) × वाय = (टी − १)ई^(टी) + सी, आणि ई^(टी) ने भागून

वाय = टी − १ + सी × ई^(−टी)

थर्मामीटर सुरुवातीला शून्यावर होता, म्हणून सी = १. तपासा, डिफरेन्शिएशन १ − ई^(−टी), त्यात वाय मिळवा, ई^(−टी) कटतात, उरतं टी. जुळलं. आता हे उत्तर काय सांगतंय ते वाचा, कारण बरेच जण इथपर्यंत येऊन चौकट आखतात आणि पुढच्या गणिताला लागतात. ई^(−टी) हा भाग काही मिनिटांत विरून जातो, ५ मिनिटांनी तो ०.००७ च्या आत आलेला असतो. मग उरतं वाय = टी − १. म्हणजे थर्मामीटर पाण्याच्या मागे कायम १ अंश राहणार, कितीही वाट बघितली तरी तो पाण्याला गाठणार नाही, पाणी तापत असेपर्यंत. थर्मामीटर बिघडलेला नाही, त्याचा स्वभावच असा आहे. बदलत्या गोष्टी मोजणाऱ्या सेन्सरमध्ये हा प्रकार सारखा भेटतो आणि त्याचं कारण या एका ओळीत आहे. ई^(−टी) चा भाग म्हणजे सुरुवातीची आठवण, जी पुसली जाते, टी − १ हा भाग म्हणजे बाहेरून जे चाललंय त्याच्या मागे जाणं. लिनियर समीकरणांत, म्हणजे ज्यात वाय आणि त्याचे डेरिव्हेटिव्ह पहिल्या घातातच येतात, उत्तराचे हे दोन भाग सगळीकडे असेच पडतात, त्यातला सी वाला भाग म्हणजे उजवी बाजू शून्य धरल्यावरचं उत्तर.

तिसरी गोष्ट, दुसऱ्या ऑर्डरची समीकरणं, ज्यात वेगाचा वेग, म्हणजे त्वरण येतं. दाराच्या वर बसवतात तो डोअर क्लोजर बघितलाय ना, ज्यात स्प्रिंग असते आणि तेल असतं? स्प्रिंग दाराला बंद करायला ओढते, दार जितकं उघडं तितकी जोरात. तेल दाराच्या वेगाला विरोध करतं. वाय म्हणजे दार किती अंश उघडं आहे, वाय डॅश म्हणजे त्याचा वेग, वाय डबल डॅश म्हणजे त्वरण:

वाय″ + बी × वाय′ + ४वाय = ०

४ हा स्प्रिंगचा आकडा, बी तेलाचा. परत अंदाजच करायचा, वाय = ई^(एम टी) टाकून बघू, एम हा शोधायचा आकडा. एकदा डिफरेन्शिएट केलं की एम बाहेर येतो, दोनदा केलं की एमचा वर्ग, आणि ई^(एम टी) सगळीकडून कटून जातो. उरतं एम² + बी × एम + ४ = ०, शाळेतलं वर्गसमीकरण! स्विस गणिती ऑयलर यांनी १७४३ मध्ये ही वाट दाखवली आणि मला आजही ती विलक्षण वाटते, कॅल्क्युलसचा अवघड प्रश्न एका ओळीत नववी-दहावीच्या गणितात उतरतो.

आता दार ९० अंश उघडून सोडून द्या आणि तेल बदलत बघा. बी = ५ घेतलं, म्हणजे घट्ट तेल, तर मुळं −१ आणि −४. ९० अंशांवर स्थिर सोडलेल्या दारासाठी वाय = १२०ई^(−टी) − ३०ई^(−४टी). ३ सेकंदांनी दार अजून साधारण ६ अंश उघडंच. बी = ४ घेतलं, तर दोन्ही मुळं −२. एकच मूळ दोनदा आलं की दुसरं उत्तर कुठून आणायचं हा प्रश्न येतो, तर ते टी × ई^(−२टी) असतं, टाकून तपासा. वाय = (९० + १८०टी)ई^(−२टी), आणि ३ सेकंदांनी दार फक्त दीड अंशाच्या आसपास. बी = २, पातळ तेल, तर मुळं −१ अधिक-उणे आय गुणिले √३ (आय म्हणजे −१ चं वर्गमूळ, इमॅजिनरी आकडा), म्हणजे कॉम्प्लेक्स. घाबरायचं काही नाही, इमॅजिनरी घाताचा एक्सपोनेन्शियल म्हणजे साइन आणि कॉस, म्हणजे हेलकावा. उत्तर ई^(−टी) गुणिले कॉस आणि साइनचं मिश्रण येतं, दार १.२ सेकंदात शून्यावर पोचतं पण त्या वेळी त्याचा वेग सेकंदाला ५० अंशांहून जास्त असतो. चौकट असेल तर धाडकन आपटणार, दोन्ही बाजूंना उघडणारं दार असेल तर पलीकडे जाऊन परत येणार. बी = ४ हा मधला नेमका बिंदू, न आपटता सगळ्यात लवकर बंद होणं. घट्ट तेलाने दार लवकर शांत होईल असं मनाला वाटतं, पण −१ वालं मूळ दाराला रेंगाळत ठेवतं, मंद मुळाचंच शेवटी चालतं.

या तीन पद्धतींनी पुस्तकातली बरीच गणितं सुटतात. पुस्तकाबाहेरची बहुतेक नाही सुटत, हेही खरं सांगायला हवं. डीवाय/डीटी = टी² + वाय² हे दिसायला किती साधं आहे, पण फ्रेंच गणिती लिउव्हिल यांनी १८४१ मध्ये दाखवून दिलं की अशा समीकरणाचं उत्तर नेहमीची फंक्शन्स आणि त्यांची इंटिग्रेशन्स वापरून लिहिताच येत नाही. उत्तर आहे, त्याला लिहायला आपल्याकडे ओळखीची फंक्शन्स नाहीत. पृथ्वी, चंद्र, सूर्य असे तीन गोळे एकमेकांना ओढतात, हवामान, पुलावरचा वारा, इथे सगळीकडे शेवटी आकड्यांनीच पुढे सरकावं लागतं.

त्याची सगळ्यात साधी पद्धतही ऑयलर यांचीच, १७६८ च्या पुस्तकातली. आत्ता कुठे आहोत ते माहीत आहे, समीकरण आत्ताचा वेग सांगतं, मग थोडा वेळ तोच वेग धरून सरळ रेषेत पुढे जा, तिथे नवा वेग विचारा, परत पुढे जा. निवणाऱ्या पाण्यावरच करून बघू, कारण त्याचं खरं उत्तर आपल्याकडे आहे, १० मिनिटांनी फरक ४५. सुरुवातीचा फरक ६०, के ०.०२८७७, म्हणजे निवण्याचा वेग मिनिटाला १.७२६ अंश. १० मिनिटं याच वेगाने गेलो तर १७.२६ उतरले, उत्तर ४२.७४. चुकलं, सव्वादोन अंशांनी, कारण वाटेत वेग कमी होत होता आणि आपण त्याकडे बघितलंच नाही. ५ मिनिटांच्या दोन पायऱ्या केल्या तर ४३.९८. एक-एक मिनिटाच्या दहा पायऱ्या केल्या तर ४४.८१. पायरी निम्मी केली की चूकही साधारण निम्मी होते, म्हणजे अजून अचूक हवं तर कष्ट त्याच प्रमाणात वाढवावे लागतात.

म्हणून पुढे जर्मन गणिती रुंगे यांनी १८९५ मध्ये आणि कुट्टा यांनी १९०१ मध्ये चांगली युक्ती काढली. वेग फक्त पायरीच्या सुरुवातीला न विचारता चार वेळा विचारायचा, एकदा सुरुवातीला, दोनदा मधे, एकदा शेवटी, आणि मधल्या दोघांना दुप्पट वजन देऊन सरासरी घ्यायची. त्याच पाण्याला १० मिनिटांची एकच पायरी या पद्धतीने दिली तर उत्तर येतं ४५.००१. ऑयलरच्या दहा पायऱ्यांनी जे जमलं नाही ते चार वेळा वेग विचारून जमलं. दाराचं दुसऱ्या ऑर्डरचं समीकरणही असंच चालवता येतं, फक्त वेगाला व्ही असं वेगळं नाव द्यायचं, मग वाय बदलण्याचा वेग व्ही, आणि व्ही बदलण्याचा वेग −बी × व्ही − ४वाय, अशी पहिल्या ऑर्डरची दोन समीकरणं होतात आणि दोघांना एकत्र पुढे सरकवायचं.

स्प्रेडशीटमध्ये हे करून बघायचं असेल तर टाकीपासून सुरू करा, एक कॉलम वेळेचा, एक पातळीचा, प्रत्येक ओळीत मागच्या पातळीतून तिचं वर्गमूळ वजा. १००, ९०, ८०.५१ असं खाली येत जाईल. पातळी १ सेंटीमीटरच्या खाली गेली की पुढच्या ओळीत ती ऋण होईल आणि त्याच्या पुढच्या ओळीत स्प्रेडशीट एरर दाखवेल, ऋण आकड्याचं वर्गमूळ काढता येत नाही म्हणून. पातळी शून्याखाली जायला लागली की ती शून्यच धरायची अशी अट त्या कॉलममध्ये घाला, आणि मग टाकी कितव्या मिनिटाला रिकामी दाखवतेय ते आपल्या २० शी ताडून बघा. नंतर पायरी एका मिनिटाऐवजी पाव मिनिटाची करा, वर्गमूळाला ०.२५ ने गुणायला मात्र विसरू नका.